तान्ह्या पोळ्याची चाकं

जयवंता लहान असतानाच तिचे दोन्ही पाय पोलिओनं गेले होते. तिच्या भावानं, बापूरावनं, आपल्या पोरीच्या लाकडी बैलाची चाकं काढून एका फळीला ठोकून दिली, तेव्हापासून जयवंता त्या फळीवर बसून, हातानं जमीन रेटत घरभर फिरायची. अपंगांना सरकारी तीनचाकी मिळते म्हणून बापूरावनं समुद्रपूरच्या कचेरीत अर्ज केला. पोळ्याच्या तोंडावर साहेब चौकशीला आले. जयवंता चुलीपासून फळी रेटत आली आणि तिनं पाण्याचा गडवा पुढे केला.

"हिच्याकडे गाडी आहे की," साहेब म्हणाले. "ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना आधी देऊ."

तान्ह्या पोळ्याला गावातली लेकरं आपापले लाकडी बैल ओढत मारुतीच्या पारावर नेतात. त्या दिवशी बापूरावनं फळी उलटी केली, चारही चाकं काढून पोरीच्या बैलाला बसवली.

"संध्याकाळी लावून देतो, बाई."

"लावजो निवांत. मले कुठं जायाचं हाये?"

भिंतीला टेकून बसल्या बसल्याच जयवंतानं चाकांत तेल सोडलं. वर्षातून तेवढ्या एका दिवशी ती चाकं उंबरठ्याबाहेर जायची.