जयरामनंतर कोण

कल्पेशने लाथेने ड्रॉवर बंद केला तेव्हा सालोमीच्या डाव्या हाताची बोटं आत होती. ती किंचाळली. ऐकायला कोणी नव्हतं. भर दुपारी आगाशीच्या बागायतदार सोसायटीत ती एकटी कारकून, आणि टेबलावर कल्पेशचा कोयता.

"सॅन्टनचं नाव उडव. आत्ताच्या आत्ता."

चार वाजता सभा होती. वाड्यांना पाणी पुरवणारं गावचं जुनं तळं, बावखल, बिल्डरला विकायचं की नाही, ते ठरणार होतं. यादीत नाव नाही त्याला सभेत बसता येत नसे. आणि सॅन्टन बोलायला उठला की अर्धा गाव त्याच्यामागे उठतो, हे बिल्डरसाठी मतं जमवणारा कल्पेश जाणून होता. कोयत्याला धार होती, अकलेला नव्हती.

सोसायटीचा प्रोग्राम जुनापुराणा. सभासद झाले त्या क्रमाने नावं, आणि प्रत्येक नावापाशी फक्त पुढचं नाव कुठे आहे त्याची खूण. सालोमी उजव्या हाताने बाण दाबत एकेक नाव ओलांडत गेली. हेलन. काशीराम. जयराम. डाव्या हाताचं रक्त कीबोर्डवर गळत होतं. कर्सर सॅन्टनवर आला.

"कल्पेश, असं एकदम पुसायचं नसतं. आधी जयरामला पुढच्याशी जोडायला लागतं, नाय तर..."

त्याने तिचं डोकं टेबलावर आपटलं. "ए मॅडम, शाणपणा नको. पूस!"

ओठ फाटला. सालोमीला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला. उरलेलं वाक्य तिने रक्तासकट गिळलं आणि नाव पुसलं. कर्सर मागे जयरामवर आला.

कल्पेशने स्वतः बाण दाबून पाहिला. कर्सर जयरामवरच राहिला. पुन्हा दाबला. सॅन्टन काही आला नाही. स्वारी खूश झाली. त्याने यादी छापायला लावली, तिच्याकडून सही-शिक्का घेतला आणि कागद स्वतःच्या हाताने दारावर चिकटवला. एकदा लागलेली यादी सभा संपेपर्यंत बदलत नाही, हा नियम त्याला पाठ होता.

चार वाजता चेअरमन हिल्डाबाईंनी नावं पुकारली. एकतिसावं जयरामचं. मग त्यांनी कागद खाली ठेवला. बावखल विकायला हात वर करण्यासाठी कल्पेशने यंदा भरती केलेले साठ सभासद दारातच उभे राहिले.

"आमची नावं कुठायत?" तो ओरडला.

सालोमीने फडक्यात बांधलेला हात छातीशी धरला.

"तुम्ही सगळे सॅन्टनच्या नंतरचे. तो पुसला की यादी तिथंच तुटते. दुपारी तेच सांगत होते मी."