शेवटची कुपी

"ताई, फक्त जरा रागवायचं हिला," केतकी म्हणाली आणि तिनं बर्फाच्या डब्यातली करंगळीएवढी कुपी वसुधाच्या हातात ठेवली.

बाबा गेल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेतलं सामान न्यायला वसुधा आली होती. कुपीत त्यांनीच तयार केलेली प्रतिपिंडं होती. जनुकं चालू-बंद करणारं एक प्रथिन ती नेमकं हुडकायची आणि ते सापडलं, की एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी रेघ उमटायची. हल्ली मात्र फिल्म कोरीच निघत होती. ही शेवटची कुपी वाया गेली, की केतकीचा प्रबंध बुडालाच.

"नमुन्यावर ओतण्याआधी सर हिला चांगलं झापायचे. आम्हीही झापून पाहिलं, पण आमचं ऐकत नाही."

"तुम्ही शास्त्रज्ञ ना गं?"

"म्हणूनच तर सरांची पद्धत तंतोतंत पाळतोय. आणि तुमचा आवाज अगदी त्यांच्यावर गेलाय."

कितीतरी दिवसांनी वसुधाला हसू आलं. घसा खाकरून तिनं कुपी डोळ्यांसमोर धरली.

"लाज नाही वाटत? सगळे खोळंबलेत तुझ्यासाठी," तिनं झोकात सुरुवात केली. मग तिचा आवाज चढला. "छातीत दुखतंय, एवढं सांगायला काय झालं होतं? मी काय परकी होते? म्हणे, रविवारी ये, निवांत बोलू! कुठाय तो रविवार?"

केतकीनं मान खाली घातली. कुपी हातात कोमट व्हायला लागली होती. शेवटी न राहवून तिनं हळूच विचारलं, "ताई, ओतू आता?"

"थांब," वसुधा म्हणाली, "माझं अजून रागावून झालेलं नाही."