शिरीषाची वेळ

वटपौर्णिमेच्या सकाळी बायका पूजेची ताटं घेऊन कोळसा खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यावर चढल्या आणि शिरीष वाळू लागलेला पाहून जागीच थबकल्या. इथे वड कधी रुजलाच नव्हता, म्हणून त्या वर्षानुवर्षं याच झाडाला सूत गुंडाळत आल्या होत्या.

"मंजूषा, तुझं झाड आहे, तूच जगव," गिरजाबाई सुनेवर कडाडल्या. "नवऱ्यांचं आयुष्य मागितलंय आम्ही याच्याकडं!"

हा शिरीष मंजूषानेच प्रयोगशाळेत घडवला होता. त्याने उघड्या दगडांत रुजायचं, पानं गाळून माती करायची आणि माती पुरेशी झाल्याचं मुळांना कळलं की आपणहून वाळायचं. एका इंजेक्शनने तो पुन्हा हिरवा झाला असता. सासूबाईंच्या धास्तीने तिने ते पिशवीत आणलंही होतं.

"देते इंजेक्शन, पण आधी इथे हात घाला."

गिरजाबाईंनी कुरकुरत पाचोळ्यात हात खुपसला. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी इथे नुसते दगड पाहिले होते. आता मनगटापर्यंत काळी, ओलसर माती लागली. पाचोळा सरकला, तसं खाली वडाचं इवलंसं रोप दिसलं.

"त्याला ऊन हवंय," मंजूषा म्हणाली. "शिरीष हिरवा राहिला, तर सावलीत हे मरेल."

गिरजाबाईंनी शिरीषाला हात जोडले. "राहू दे ती सुई पिशवीतच."

शेजारीण सूत घेऊन रोपापाशी वाकली, तशा त्या खेकसल्या, "अगं, थांब! आपल्या नवऱ्यांचा भार त्याला एवढ्यात झेपायचा नाही."