सुरंगीचा वळेसर

पडद्यावरची सपाट रेघ एकदम उसळली, तशी शलाका वैतागली. वास मोजण्याच्या या खोलीत फुलं, अत्तर काहीही आणायला सक्त मनाई होती. तिनं वळून पाहिलं. दारात चपला काढून खवणेकरकाकू उभ्या होत्या.

काकूंचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांच्या जनुकापासून जिवाणूंमध्ये बनवलेलं, नाकातलं वास टिपणारं प्रथिन समोरच्या चकतीवर होतं. अशा प्रथिनाला नातलगांनी वर्षातून एकदा भेटून जायचं, हा आता रिवाजच पडला होता.

"काकू, फुलं माळून आलात?"

काकूंनी पदराची गाठ सोडून सुरंगीचा वळेसर दाखवला. "आता माळते कुठली! नुसता घेऊन आले."

शलाकाचा राग ओसरला. "पण हे नुसतं प्रथिन आहे हो. ते कुणाला ओळखत नाही."

"ठाऊक आहे गं. शेवटी शेवटी हेसुद्धा कुणाला ओळखत नव्हते. पोटच्या मुलांनाही नाही. मी सुरंगी माळून खोलीत आले, की तेवढी मान वळवायचे."

शलाकानं त्या दिवसाची मोजणी रद्द केली आणि पडद्यासमोर खुर्ची सरकवली. काकू बसल्या. मग जरा घुटमळत त्यांनी वळेसर अंबाड्यात माळला.