दाराएवढा मासा

"वहिनी, त्याला म्हणावं दार उघडं ठेव हं!" शेजारच्या बोटीवरून कप्तान ओरडला आणि त्याच्या बोटीवरचे पाणबुडे खो खो हसले.

वाफ धरू नये म्हणून आई मास्कच्या काचेवर आतून थुंकली, बोटाने थुंकी नीट चोळली आणि काच समुद्रात विसळली. साठी उलटलेली बाई. पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा ते गेल्याच महिन्यात हॉटेलच्या तलावात लेकीकडून शिकली होती.

कप्तानाचंही काय चुकलं? बाबा गेले तेव्हा भेटायला आलेली माणसं डोळे पुसता पुसता त्या माशाची गोष्ट काढून हसली होती. बेटाच्या टोकाला खडक आहे, त्याच्या कपारीत दाराएवढा हेकरू राहतो, आपण पाठीवरच्या हवेच्या टाकीवर पाना वाजवला की बाहेर येतो, असं बाबा सांगायचे. कुणी बरोबर येतो म्हटलं तर म्हणायचे, "नको, तो पाहुण्यांना लाजतो." अख्खा धक्का त्यांना थापाडे म्हणायचा, तोंडावर. ते गेल्यावर लेक तिथे एकटी जाऊन, तोच पाना घेऊन, हात दुखेपर्यंत टाकी बडवून आली होती. कपार रिकामी.

"ताई, अजून विचार कर," बोट एका जागी धरून ठेवत मामा म्हणाला. "पाणी आता थांबलंय, पण फार वेळ नाही थांबायचं. आणि उद्यापासून वारा फिरला की चार महिने तळ दिसायचा नाही."

"म्हणूनच आज."

"आणि नसला तर?"

"नसला तर नसला. मग मीही हसेन सगळ्यांबरोबर." आईने नळी तोंडात धरली आणि पाठमोरी पाण्यात गेली.

वरचं पाणी गढूळ होतं. मागोमाग उतरलेल्या लेकीने आईचा दंड घट्ट धरला. दोन माणसांच्या उंचीइतकं खाली गेल्यावर पडदा सारावा तसं सगळं लख्ख झालं. पोवळी कुरतडणाऱ्या माशांचा कुरकुर आवाज येत होता. एक कासव आपल्याच तंद्रीत वर हवेला निघालं होतं. एरवी या टोकाला पाण्याला ओढ असते, आज समुद्रफुलांचे झुपके स्तब्ध होते. खडकाच्या पायथ्याशी कपार दिसली. काळी, आडवी, रिकामी.

लेकीने पाना काढला आणि टाकीवर ठोकायला हात मागे नेला. आईने तिचं मनगट धरलं.

पाना आईने घेतला. मग दारात पाहुणे आले की पोरांना मागे सारतात, तसं लेकीला एका हाताने खडकाआड सारलं आणि स्वतः कपारीसमोर गुडघ्यांवर बसली. हात मागे वळवून तिने टाकीवर ठोकलं. टक टक. थांबली. टक.

घरी बेल होती, पण बाबांनी ती कधी दाबली नाही. बोटीवरून आले की किल्लीने दारावर असंच वाजवायचे. दोन, मग जरा थांबून एक. आणि आई शिलाई यंत्रावरून ओरडायची, "बेल काय शोभेला लावलीय?"

कपारीतला काळोख हलला.

आधी जाड खालचा ओठ आला. मग एक डोळा, इकडे फिरला, तिकडे फिरला. मग नुसता मासाच येत राहिला, संपेचना. शेवाळी अंगावर फिकट ठिपके, एका परावर जुनी जखम. आईसमोर येऊन तो थांबला, दोघांच्या मध्ये हातभर पाणी ठेवून.

आईचे बुडबुडे थांबले. लेकीने घाबरून तिच्या खांद्यावर थोपटलं, श्वास घे. मग बुडबुड्यांचा असा लोट उठला की लेकीला कळलं, ही हसतेय. आईने मान किंचित तिरकी केली. धक्क्यावरचा प्रत्येक पाणबुडा त्या नजरेसमोर उभा राहिलेला होता, कारण सगळ्यांचे सूट तीच शिवायची. टेप नंतर लावायची, आधी डोळ्यांनी माप घ्यायची आणि बोटभरही चुकायची नाही. कप्तानाचं पोट किती सुटलंय हे त्याच्या बायकोच्या आधी तिला कळायचं.

आईच्या मास्कमध्ये पाणी साचलं होतं. कडेने कुठूनही गळत नव्हतं. शिकवल्याप्रमाणे तिने मान वर केली, मास्कची वरची कड दाबली, नाकाने हवा सोडून पाणी बाहेर काढलं. थोड्या वेळाने पुन्हा काढावं लागलं.

दोघी वर आल्या तेव्हा कप्तानाची बोट जवळ सरकली होती. मामा ओणवा होऊन हात पुढे करत होता, पण विचारायचं धाडस त्याला होईना.

"काय वहिनी," कप्तानाने विचारलं, "भेटलं का दार?"

आईने नळी काढली. खारं पाणी थुंकली. पान्याची मूठ सोडली नव्हती.

"आमच्या ह्यांना मापातलं काही कळायचं नाही," ती म्हणाली, दोन्ही बोटींना ऐकू जाईल अशा आवाजात. "दाराएवढा कसला! चौकटीसकट आहे."

कोणी हसलं नाही. कप्तानाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.