बोडकं सेंटर

आरतीनं शटर गुडघ्याइतकं उघडं ठेवून खाली ओढलं, बांगड्यांच्या खोक्याला पाठ टेकली आणि आरोहीला पदराखाली घेतलं. बाहेर चौकात मोजमापाचे टेप घेतलेली माणसं हिंडत होती. त्यांच्यादेखत पोरीला पाजायचं कसं? शटरखालून उन्हाची पट्टी आत आली होती. त्या पट्टीत दोन बूट येऊन थांबले.

"शेठ, हे दुकान बंद आहे का?"

"छे हो!" शेजारच्या कापडदुकानाच्या दारातून सुभाषचंदशेठचा आवाज आला. "वाढवलंय."

"वाढवलंय? कधी?"

"हे काय, आत्ताच."

"परवानगी घेतली होती?"

"दुकान वाढवायला परवानगी कसली हो?" शेठ हसले. "तुम्ही पण राव!"

शेठच्या तोंडून दुकानाला 'बंद' हा शब्द सबंध आयुष्यात निघाला नव्हता. लक्ष्मीचं ठिकाण ते, मिटलं तरी वाढवलंच म्हणायचं. पण हे बूट शहरातल्या मोजणी एजन्सीच्या माणसाचे होते. आरतीनं ब्लाऊजच्या गुंड्या लावायला घेतल्या. पोरगी तोंड सोडेना. गुंडी सापडेना. तेवढ्यात शटरवर बाहेरून फुस्स फुस्स आवाज आला आणि रंगाचा वास आत शिरला.

शटर कमरेपर्यंत सारून ती वाकून बाहेर आली तेव्हा शटरवरच्या 'सारजा बांगडी भांडार' या अक्षरांवर लाल फुली ओघळत होती.

"साहेब, हे काय केलं?"

"वाढीव बांधकाम," ऋतिक नावाचं कार्ड गळ्यात अडकवलेला तो तरुण म्हणाला. "यांनीच सांगितलं."

कालच ही माणसं सगळ्यांना गोळा करून सांगून गेली होती. गाळ्यांचं हे सेंटर पाडणार. चालू गाळ्याला पलीकडच्या नव्या संकुलात जागा मिळणार, बंद गाळ्याला नाही, आणि ज्यानं वाढीव बांधकाम केलं त्यानं तर नावच काढायचं नाही. सासूबाई जाताना हा गाळा तिच्या नावावर करून गेल्या होत्या. जगात तिच्या नावावर दुसरं काही नव्हतं.

"वाढवलं म्हंजे मिटलं हो! तसं म्हणायची रीत आहे आमच्यात."

"मिटलं म्हणजे बंदच ना?" त्याचं बोट टॅबवर सरकलं. "मग बंद टाकतो."

"नका, नका! बंद नव्हतं!"

"ताई, बंद, वाढीव नाहीतर चालू. चालू असतं तर शटर खाली कशाला? आणि गिऱ्हाईक कुठंय?"

पोरीला पाजत होते, हे तिच्या ओठावर आलं आणि त्या चार परक्या पुरुषांसमोर तिथंच अडकलं. शेठ खुर्चीतून उठले. "साहेब, माझ्या बोलण्याचा..." म्हणाले, पण ऋतिकनं हात वर करून त्यांना थांबवलं.

आरतीनं चौकाकडं पाहिलं. वर पत्रा नाही म्हणून पहिल्याच वर्षी गावानं याचं नाव बोडकं सेंटर पाडलं होतं. पण लग्नसराईत आण्याच्या पठारावरनं, निमगाव साव्याहून बाया जीप भरभरून यायच्या. शेठकडं बस्ता, सासूबाईंकडं चुडा, आणि जाताना गुलमोहराच्या कट्ट्यावर भेळ. शटराशटरांवर रंगांचे पोपडे होते. कॅसेटवाल्याच्या रंगाखाली आधी कुणाचं नाव होतं ते आता कुणाला आठवत नव्हतं. त्याच्यावर एसटीडीचा पिवळा, त्याच्यावर झेरॉक्सचा निळा. मग बायपास झाला आणि गाड्या वरच्यावर निघून जायला लागल्या. आत्ता कट्ट्यावर फक्त कोथिंबिरीच्या जुड्या मांडून सरूबाई बसली होती.

ती गुडघ्यावर हात टेकत उठली. सावकाश चालत आली आणि गाळ्याच्या पायरीवर बसली.

"भर गं. चुडा भर."

"सरूमावशी, तुमी?"

"मी न्हाई तर कोण? येष्टी थांबती का हितं आता?" तिनं दोन्ही हात पुढं केले. धनी गेल्यापासून त्या हातांवर काचेचा तुकडा चढला नव्हता. "बोडक्या सेंटरात बोडक्या हाताचं गिऱ्हाईक. बघतीस काय? हिरव्याच भर."

"या तर इथल्याच आहेत," ऋतिक म्हणाला.

"मग हितल्या माणसानं काय घ्यायचं न्हाई का रं बाबा? तू नोंदव की. गिऱ्हाईक हाय, दुकान चालू हाय."

त्यानं खांदे उडवले, पण बोट टॅबवर तसंच धरून उभा राहिला.

आरतीनं आरोहीला शेठच्या हातात दिलं, शटर पुरतं वर सारलं आणि हिरव्या बांगड्यांचं खोकं काढलं. सरूबाईचा तळवा दाबून तिनं अंगठा आत वळवला. हाडं दगडासारखी. पहिली बांगडी चढली. दुसरी चढली. सरूबाईनं मान फिरवून गुलमोहराकडं डोळे लावले होते. हनुवटी हलत होती. तिसरी आरतीनं जरा जोरानं रेटली आणि कट्ट आवाज झाला. मनगटावर रक्ताचा लाल मणी उभा राहिला.

"वाढली गं," सरूबाई सवयीनं पुटपुटली.

ऋतिकनं मान वर केली. "काय वाढलं?"

सासूबाईंच्या हयातीत आणि त्यांच्यामागं, या गाळ्यात बांगडीला तो दुसरा शब्द कुणी उच्चारला नव्हता. सुभाषचंदशेठनी आरोहीच्या कानावर तळहात ठेवला.

"फुटली," आरती म्हणाली. "काही वाढलं नाही, साहेब. फुटली."

आणि तिनं पुढची बांगडी उचलली.