ऑटोवरचा पहिला फोटो

"अजून मागे. घाबरतेस काय, मी आहे ना," तो म्हणाला.

त्या 'मी आहे ना'नंच ती जागच्या जागी थबकली.

कड्याच्या या टोकाला कठडा नव्हता. त्याची पहिली बायको इथूनच पडली होती, फोटोला उभी असताना. तिचा तो शेवटचा फोटो अजूनही त्याच्या फोटो स्टुडिओत गल्ल्यामागे टांगलेला होता. उजेड अचूक. कुणी विचारलं की तो सांगायचा, "पाय घसरला बिचारीचा," आणि रुमालानं काच पुसायचा. महिनाभर तो हिच्या मागे लागला होता. तिथंच जाऊ, तसाच एक फोटो काढू.

तिनं टाळून पाहिलं, दुखणी काढली. शेवटी एका अटीवर हो म्हणाली. तिनं त्याच्या वाढदिवसाला दिलेला नवा कॅमेरा न्यायचा.

"ऑटोमॅटिक. म्हणजे मी नुसता हमाल," तो कुरकुरला होता.

जन्मभर त्यानं उजेड स्वतःच मोजला. प्रत्येक फोटोआधी कॅमेरा खाली घ्यायचा, लेन्सवरची रिंग फिरवायची, आजूबाजूला एक नजर टाकायची, मग पुन्हा डोळ्याला लावायचा. लग्न झाल्यापासून ती हे बघत आली होती.

"याला काही सांगावं लागत नाही," ती लाडानं म्हणाली होती. "कॅमेऱ्यावरनं डोळा काढायलाच नको."

आता वारा सुटला होता.

"अहो, माझ्या मागे सगळं आभाळ आहे. हा कॅमेरा आभाळाचा उजेड धरणार आणि माझं तोंड काळंठिक्कर. तुम्हीच सांगता ना नेहमी?"

त्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं. "म्हणूनच म्हणतो, याला अक्कल नाही."

तो चिडला होता. पण बिघडलेला फोटो त्याला सोसला नसता, हाही नाही.

"बरं, जागा बदलू. एक चांगला घेतो. मग पुन्हा इथं उभी राहा."

त्याच्या हाताला हात लागू न देता ती कड्यापासून आत, त्याच्या पलीकडे गेली. पाठ कातळाला टेकली तेव्हा कुठे तिचा श्वास सुटला. ऊन थेट तोंडावर आलं.

कड्याकडे पाठ करून त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. बोटं सवयीनं रिंगकडे गेली आणि तशीच परत आली. फिरवायला काही नव्हतंच.

"उजेड झकास आलाय," तो म्हणाला. "पण पाय कापले जातायत तुझे."

"मग थोडं मागे सरा ना," ती हसून म्हणाली. "हां, अजून थोडं. मी आहे ना."